नाक असलेली अन्नपूर्णा

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडागाडीवाला काकांची छत्री घेऊन दारात उभा राहिला. तो नसता आला तर मला पुढचं काहीच कळलं नसतं.

"माईजी, बुढाबाबू का छाता," तो म्हणाला. "सियालदह में उतारा, तो पीछे सीट पर रह गया."

मी छत्री घेतली. त्याला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. तो गेला. मग मी छत्री हातात धरून जिन्याच्या पायरीवर बसले. आमचे घरमालक, काका-काकू, आदल्या दिवशी पुरीला गेले होते. निदान सांगून तरी तसंच गेले होते. आणि पुरीची गाडी सुटते हावड्याहून.

कलकत्त्यात येऊन मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. शहरातले रस्ते मला अजून कळत नव्हते, ट्राम कुठे वळते तेही सांगता आलं नसतं. पण हावडा आणि शियालदा यांतला फरक मला पक्का ठाऊक होता. आपल्या मुलखाकडे जाणारी गाडी हावड्याहून सुटते. घराची आठवण आली की मी मनातल्या मनात पूल ओलांडून त्या स्टेशनात जाऊन उभी राहत असे. शियालदाहून आपलं कुणीच कुठे जात नाही. तिथून गाड्या सुटतात त्या वरच्या बंगालात, नाहीतर नदीकाठच्या जवळच्या गावांना. फाळणीनंतर तर शियालदाचे फलाट घरदार सोडून आलेल्या लोकांनी भरून गेले होते. बायकामुलं घेऊन माणसं तिथेच चुली मांडून राहिली होती. हे म्हणत, तिकडे पाय ठेवायला जागा नाही. अशा ठिकाणी साठीच्या घरातलं जोडपं दोन ट्रंका घेऊन यात्रेला म्हणून कशाला जाईल?

हे म्हणजे माझे यजमान. सरकारी हिशेबतपासनीस कचेरीत कारकून होते. बदली होऊन इथे आले आणि लग्नानंतर मला घेऊन आले. भवानीपुरात काका-काकूंच्या घराच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या त्या केवळ आम्ही मराठी म्हणून. काका टपालखात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. नोकरीत असतानाच त्यांनी इथे घर बांधलं आणि इथलेच झाले. दोन मुलगे. थोरला पोलाद कारखान्यात इंजिनियर, धाकटा नागपुरात. एवढंच मला माहीत होतं आणि एवढंच आहे असं मी समजत होते.

माझी मराठी सहावी झाली त्या वर्षी आई गेली. पाठची तीन भावंडं सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली. ती सुटली ती सुटलीच. पुढे पंचांग वाचता येत होतं, पत्र लिहिता येत होतं, याचंच सासरी कौतुक झालं. पण आई नाही म्हणजे माहेर नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, सातव्या महिन्यात मुलीला न्यायला यायचं, हे जगाचं झालं. मला न्यायला कोण येणार होतं? सासूबाईंना संधिवातानं उठवत नव्हतं. मला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी आधी आनंदले आणि मग आठ दिवस रडत बसले.

तेव्हा काकू आमच्या खोलीत आल्या. दाराला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रडतेस कशाला? बाळंतपण इथे होईल. मी करीन. दोन मुलांची आई आहे मी, काही विसरले नाही."

पुढे त्यांनी डिंक, खारीक, अळीव सगळ्यांची यादी मला तोंडानं सांगितली. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्या दिवसापासून त्या घराकडे मी देवळाकडे बघावं तशी बघत होते. म्हणून तर छत्री हातात धरून मी पायरीवरून हलले नाही. ही माणसं खोटं बोलत असतील, तर बाळंतपणाचं दिलेलं वचनही खोटं असू शकेल.

दरवर्षी होळी झाली की काका-काकू प्रवासाला निघत आणि पाडवा उलटला की परत येत. पहिल्या वर्षी त्यांनी काशी सांगितली होती. यंदा पुरी. निघण्याच्या आदल्या दिवशी काकूंनी मला देवघराची किल्ली दिली. पूजा ह्यांनी करायची, फुलं-नैवेद्याची तयारी मी करायची, असं ठरलं. देव्हाऱ्यातले देव त्यांनी मला एकेक दाखवले, आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की एक जागा रिकामी आहे.

"काकू, अन्नपूर्णा?"

"ती माझ्याबरोबर येतेय," त्या म्हणाल्या.

"यात्रेला?"

"तिला काय, कायम घरातच बसवायची?" त्या हसल्या. पण हसताना माझ्याकडे बघत नव्हत्या.

आपल्याकडे लग्नात मुलीला आई पितळेची अन्नपूर्णा देते. बोटाएवढी मूर्ती, मांडीवर पळी आडवी. मुलीनं ती सासरी घेऊन जायची आणि जन्मभर पुजायची. काकूंची अन्नपूर्णा त्यांच्या आईनं दिलेली होती. चाळीस वर्षं चिंच-राखेनं घासून घासून तिच्या तोंडावर काही उरलं नव्हतं. डोळे नाहीत, ओठ नाहीत, नाकाच्या जागी नुसती गुळगुळीत चकाकी. काकू तिला "आमची बोडकी" म्हणत. चैत्रात गौर म्हणून तीच झोपाळ्यात बसायची. आता चैत्र तोंडावर आलेला असताना तिला पुरीला कशाला न्यायची?

पण हा प्रश्न मला छत्री आल्यावर पडला. आधी नाही.

मग एकदा संशय आला म्हटल्यावर सगळ्याच गोष्टी त्या एका बाजूला झुकायला लागल्या. आठ दिवस झाले, दहा झाले, काकांचं कार्ड आलं नाही. उभा जन्म टपालात गेलेला माणूस. आंबे मिळाले, कार्ड. सर्दी झाली, कार्ड. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या मित्रालासुद्धा ते कार्ड लिहीत. आणि समुद्रकाठी तीर्थयात्रेला जाऊन एक ओळ नाही? टपालातल्या माणसाला ठाऊक असतं की कार्डावर गावाचा शिक्का पडतो.

ह्यांना मी हे बोलून दाखवलं. भात कालवता कालवता हे म्हणाले, "तू पोलिसात भरती हो."

"मग शियालदाला का उतरले?"

"गाडीवाला चुकला असेल सांगताना."

"छत्री परत आणून देणारा माणूस स्टेशनाचं नाव चुकतो होय?"

"बरं बाई, नाही चुकला. ताक वाढ."

पण चार दिवसांनी हे कचेरीतून आले ते टोपीही न काढता उभे राहिले. त्यांच्या शेजारच्या टेबलाचे बाबू रोज बराकपूरहून लोकलनं येत. दसऱ्याला ते आमच्याकडे येऊन गेले होते, तेव्हा काकांशी त्यांच्या गप्पाही झाल्या होत्या. ते बाबू ह्यांना म्हणाले होते, "तुमचे बुढाबाबू आमच्या बाजारात दिसले काल. काळी टोपी, लांब कोट, कैऱ्या निवडत होते. मी नमस्कार केला तर ओळख न दाखवता पलीकडे गेले."

बराकपूर नदीच्या वरच्या अंगाला, लोकलनं तासाभराच्या आत. छावणीचं गाव. काका-काकू पंधरा दिवस तिथे होते आणि आम्हाला सांगितली होती पुरी.

"घर बघताहेत," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते सहज निघालं आणि निघाल्यावर मला ते पूर्ण पटलं. त्या दिवसांत कलकत्त्यात रिकामी खोली म्हणजे सोनं. आठवड्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी फाटकाशी येऊन विचारायचं, घर विकायचं आहे का, भाड्यानं द्यायचं आहे का. काका-काकू हे मोठं घर विकून बराकपूरला नदीकाठी लहानसं घेणार असतील. मुलांना आत्ताच कळू नये म्हणून पुरी. आम्हालाही कळू नये म्हणून पुरी. वैशाखात माझे दिवस भरणार आणि वैशाखात आम्ही रस्त्यावर असणार.

पाडव्याला आम्ही आमच्या खिडकीत एवढीशी गुढी उभारली. समोरच्या घरातल्या बंगाली गृहिणीनं मान वर करून विचारलं, घरात कुणी आजारी आहे का? उपडा तांब्या पाहून तिला काय वाटलं कोण जाणे. मी नाही म्हणाले, आमचं नवं वर्ष आहे. कडुनिंबाचा पाला मात्र तिनंच आपल्या झाडाचा तोडून दिला.

दुसऱ्या दिवशी काका-काकू आले. हातात पुरीच्या खाज्याचा द्रोण होता. खाजा ताजा कुरकुरीत होता. रात्रभराच्या प्रवासात मऊ पडला नव्हता. मी तो कपाळाला लावला आणि खाल्ला.

"दर्शन छान झालं?" मी विचारलं.

"फार गर्दी," काकू म्हणाल्या.

काकांनी खुंटीवर छत्री पाहिली आणि कोट काढता काढता थांबले. "ही इथे कशी?"

"गाडीवाल्यानं आणून दिली."

"अस्सं. काय म्हणाला तो?"

"काही नाही. छत्री राहिली म्हणाला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी द्रोणाकडे पाहिलं. त्या क्षणापासून आम्ही एकमेकांवर नजर ठेवून होतो. मी चहा घेऊन गेले की त्यांचं बोलणं थांबायचं. ते अंगणात आले की मी खोलीतलं बोलणं थांबवायचे. काकू मात्र पूर्वीपेक्षा जास्त माया करू लागल्या. स्वतः येऊन माझ्या पायांवरची सूज बघायच्या, दूध प्यायला लावायच्या. आणि मला वाटायचं, ही माया आहे की काही लपवायचं आहे?

तृतीयेला गौर झोपाळ्यात बसली. मी फुलं ठेवायला वाकले आणि तशीच वाकून राहिले. झोपाळ्यातल्या अन्नपूर्णेला नाक होतं. सरळ, टोकदार, बंगाली बाहुलीसारखं. डोळेही होते लांबट. पितळ जागोजाग काळवंडलेलं होतं, पण ते मुद्दाम काळं केल्यासारखं.

मी काकूंकडे पाहिलं. काकू समई पुसत होत्या. खोलीत आल्यावर मी दिवस मोजले. किल्ली दोन आठवडे माझ्याकडे होती, आणि जी मूर्ती बदलली होती ती याच देव्हाऱ्यातली.

रामनवमीला जोडून यंदा चार दिवसांची सुट्टी आली होती, त्यामुळे दोन्ही मुलगे बायकापोरांसह आले. घर एकदम भरलं. गच्चीवर पोरांचा धुडगूस, स्वयंपाकघरात तीन बायका, दिवाणखान्यात वर्तमानपत्राची पानं वाटून घेतलेली. दुपारी बारा वाजता पाळणा म्हटला, सुंठवडा वाटला. काकांनी पुरीच्या समुद्राचं वर्णन केलं. लाटा किती उंच येतात ते हात वर करून दाखवलं. नातवंडं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. मीही ऐकत होते. एक-दोनदा काकांची नजर माझ्यावर आली आणि लाट थोडी खाली आली.

दशमीला चैत्रगौरीचं हळदीकुंकू. कलकत्त्याच्या कानाकोपऱ्यांतून ट्राम बदलत बदलत पंधरा-वीस मराठी बायका आल्या. वर्षातून तीन-चारदाच भेटणाऱ्या, त्यामुळे बोलायला बसल्या की सगळ्या एकदम बोलणाऱ्या. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी. मी ओट्या भरायला मदत करत होते. थोरल्या सूनबाई गौरीला कुंकू लावायला पुढे झाल्या आणि हातातली चिमूट तशीच धरून म्हणाल्या,

"अगबाई! सासूबाई, हिला नाक कुठून आलं?"

दोघीतिघी हसल्या. एक वयस्क बाई म्हणाल्या, "चैत्र आहे ना, पालवी फुटते तसं फुटलं असेल."

"नाही हो, थट्टा नाही," थोरल्या सूनबाई मूर्ती हातात घेऊन उजेडात गेल्या. "मी पाच वर्षं या घरात पूजा केली आहे. आपली अन्नपूर्णा सपाट तोंडाची. ही ती नव्हे. ही कुणीतरी बदलली."

कुणीतरी विचारलं, "इतके दिवस देवघराची किल्ली कुणाकडे होती?"

कुणी माझं नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. वीस बायका एका वेळी माझ्याकडे पाहू लागल्या. मी हरभऱ्याच्या परातीशी बसले होते, आठवा महिना भरत आलेला, पटकन उठताही येत नव्हतं. मी काकूंकडे पाहिलं. त्या कैरी किसत होत्या. डाळ वाटून झाली होती, आणखी कैरी लागत नव्हती. तरी त्या किसत राहिल्या.

मला बोलता आलं असतं. अन्नपूर्णा काकू स्वतः घेऊन गेल्या होत्या, पुरीला नव्हे तर बराकपूरला, एवढं एक वाक्य. पण ते बोलले असते तर काकूंचं काय उघडं पडलं असतं ते मला माहीत नव्हतं. आणि पुढच्या महिन्यात माझ्या उशाशी कोण बसणार होतं? मी परातीतले हरभरे खालीवर करत राहिले. गप्प बसणारा माणूस चोरासारखा दिसतो ते मला नंतर कळलं.

संध्याकाळी थोरला मुलगा आमच्या दाराशी आला. आवाज अगदी मऊ. "वहिनी, राग मानू नका. घासायला म्हणून मूर्ती तुमच्याकडे आली असेल आणि चुकून राहिली असेल. मिळाली तर द्या, विषय संपला."

हे ताडकन उठले. "आमच्या घराची झडती घ्या!" म्हणाले, आणि तो नको नको म्हणत असताना आमची एकुलती ट्रंक त्यांनीच ओढली आणि सगळं जमिनीवर ओतलं. माझी दोन लुगडी, आईची कुंकवाची डबी, आणि मी चार महिने बसून शिवलेली झबली, टोपडी, दुपटी. झबल्यांच्या बंदांत बंद अडकून ती सगळी एकत्र बाहेर आली. मुलगा ते बघून मागे सरला. काकू त्याच्या पाठीमागे येऊन उभ्या होत्या.

आता बोलतील, मला वाटलं. आता तरी.

काकू म्हणाल्या, "तिच्या अशा दिवसांत तिला त्रास देऊ नका रे."

एवढंच. हिनं घेतली नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. उलट त्या वाक्यानं मूर्ती मीच घेतल्यासारखं झालं. पुढे दिवाणखान्यात थोरला मुलगा काकांशी इंग्रजीत बोलत होता. मला इंग्रजी येत नव्हतं, पण 'टेनंट' आणि 'नोटीस' हे दोन शब्द भिंतीपलीकडून स्वच्छ कळले. काका काय म्हणाले ते ऐकू आलं नाही.

"घर सोडायचं," हे म्हणाले. "उद्याच्या उद्या."

"आणि जायचं कुठे? आठव्या महिन्यात?"

हे खाली बसून ट्रंक सरळ करू लागले. मी झबली उचलून घड्या घातल्या.

दोन दिवसांनी मुलगे गेले. घर शांत झालं. त्याच दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर काकू हातात एक पिशवी घेऊन आमच्या खोलीत आल्या. मी उठले नाही. पहिल्यांदाच त्या आल्या असताना मी उठले नाही.

"दोन लुगडी घे आणि बाळाचे कपडे घे," त्या म्हणाल्या. "चल."

"कुठे?"

"तुला माहीत आहे कुठे ते. छत्री आली तेव्हापासून तुला माहीत आहे."

शियालदाच्या फलाटावर मी त्यांच्या मागून चालले. दोन्ही बाजूंना चटया, भांडी, रडणारी पोरं. लोकलमध्ये काकूंनी मला खिडकीशी बसवलं आणि गाडी सुटल्यावर, माझ्याकडे न बघता, सगळं सांगितलं. त्यांना एक मुलगी होती. मधली. सहा वर्षांपूर्वी तिनं बराकपूरच्या एका शाळामास्तरांशी लग्न केलं. मुलगा बंगाली, जात वेगळी. थोरल्यानं शपथ घातली, तिचं नाव घेतलंत तर या घरात माझा पाय लागणार नाही, माझ्या मुलांची तोंडं तुम्हाला दिसणार नाहीत. काका-काकूंनी नाव घेणं बंद केलं. आणि दर वसंतात यात्रा सुरू केली.

"काशी, पुरी, गया, सगळी आमची तासाभराच्या अंतरावर," त्या म्हणाल्या. "यंदा पोरीनं सासूपासून वेगळी चूल मांडली. चूल मांडली म्हणजे अन्नपूर्णा नको? लग्नात तर काही देता आलं नाही. सुनांना त्यांची त्यांची आहे. माझी मी तिला दिली."

"आणि ही नाकवाली?"

"ह्यांनी बराकपूरच्या बाजारातून आणली. मी आठ दिवस चिंच-राखेनं घासली, धुरावर काळी केली." त्यांनी कपाळावर हात मारला. "मेलीचं नाक काही जाईना."

मला हसू आलं, आणि हसताना रागही आला. मी विचारलं, "तुम्ही बोलला का नाही? माझी झबली जमिनीवर पडली होती."

"बोलले असते तर मुलगा गेला असता."

"आणि मी बोलले असते तर?"

काकूंनी पदर सारखा केला. "तर मला तुझं तोंड बघवलं नसतं. खरं सांगते. चूक माझी, तरी तुझं तोंड बघवलं नसतं."

"मग आता मला तिथे नेताय ते माझं तोंड बंद राहावं म्हणून?"

"थोडं तेही आहे," काकू म्हणाल्या. "बाकी काय आहे ते तुझं तू ठरव."

बराकपूरचं घर दोन खोल्यांचं, मागे केळी. दार उघडलं ते माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या एका बाईनं. भांगात शेंदूर, हातात शंखाच्या बांगड्या, आणि मराठी अगदी काकूंचीच, तोच हेल. "आत ये ग," ती म्हणाली, "आईनं पत्रात लिहिलंय सगळं. पाय वर करून बस आधी." चुलीशेजारच्या फळीवर सपाट तोंडाची अन्नपूर्णा होती. मी तिच्याकडे बघत राहिले. जिच्यामुळे मी चोर ठरले ती इथे मजेत तांदळाच्या ढिगावर बसली होती.

भवानीपूरचं घर कुणी विकणार नव्हतं, आम्हाला नोटीसही आली नाही. काकांनी मुलाला काय सांगितलं ते मला कधीच कळलं नाही. मूर्ती मी घेतली नाही असं त्यांनी सांगितलं असेल, असं मला वाटत नाही. भाडेकरू आहेत, बाई अवघडलेली आहे, राहू दे, असंच सांगितलं असणार.

माझी मुलगी वैशाखात बराकपूरला झाली. काकूंनी दिलेला शब्द पाळला. कळा येत होत्या तेव्हा त्या माझ्या कमरेशी होत्या आणि त्यांची मुलगी माझ्या उशाशी. दोघी मायलेकी माझ्यावरून एकमेकींशी भांडत होत्या, पाणी किती गरम, खिडकी उघडी की बंद. सहा वर्षांत त्यांना सलग महिनाभर एकत्र राहायला कारण मिळालं नव्हतं. ते माझ्या बाळंतपणानं मिळालं. काकू मुलांना कळवू शकल्या, भाडेकरणीच्या बाळंतपणासाठी तिच्या नात्यातल्या घरी गेले आहे. मास्तर संध्याकाळी शाळेतून येताना माझ्यासाठी रोहू आणत आणि मी मासे खात नाही हे रोज नव्यानं विसरत. मला आईची आठवण आली नाही असे काही दिवस गेले, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

पण कधी कधी काकू धुरी घेऊन आत येत आणि मी त्यांच्याकडे बघत बसे. हे सगळं मिळालं ते मी गप्प बसले म्हणून. मी बोलले असते तर मिळालं असतं का? त्यांनी मला आणलं ते त्यांच्या पोटातली माया होती, की मुलीबरोबर राहायला मिळालेली सोय, की धाक? त्यांनी सांगितलं होतं, तुझं तू ठरव. मी बराच काळ ठरवत राहिले. त्यांच्या पायावर डोकं ठेवताना मात्र मी कधी ठरवत बसले नाही.

आता काका-काकू नाहीत. थोरल्यानं नोकरी संपल्यावर भवानीपूरच्या घरी येऊन बिऱ्हाड केलं आणि चैत्रातलं हळदीकुंकू थोरल्या सूनबाई करतात. आम्ही दुसरीकडे राहतो, पण मला आमंत्रण येतं. मी जाते. त्या मला कुंकू लावतात, ओटी भरतात, तब्येतीची चौकशी करतात. मी गौरीला नमस्कार करायला पुढे झाले की त्याही सहज म्हणून पुढे होतात आणि झोपाळ्याला हात लावून उभ्या राहतात. मी लांबूनच हात जोडते. बराकपूरला त्यांच्या नणंदेच्या घरी जाऊन आल्याला मला त्या वेळी कधी चार दिवस झालेले असतात, कधी आठ. मी वाटीतली डाळ खाते आणि म्हणते, यंदा कैरी चांगली आंबट मिळाली.